गस्तीच्या बोटीचे दिवे

बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. हे कळायला नौदलात जावं लागत नाही. मी चिंचवडच्या शाळेत शिवण शिकवणारी बाई. मला एकदा सांगितलं आणि कळलं. ज्यांचा धंदाच तारा जोडायचा, त्यांनी ते कळून घेतलं नाही. त्या गोष्टीचा राग मला अजून येतो. तो का येतो, ते एकदा नीट क्रमाने लिहून ठेवते.

माझे धाकटे दीर लढाईच्या काळात नौदलात होते. बाहत्तर फुटी लाकडी गस्तीची बोट, अराकानचा किनारा, आणि बोटीवरचं विजेचं सगळं काम त्यांच्याकडे. लढाई संपल्यावर खलाशांनी संप केला. त्यात तेही होते. घरी पाठवलं तेव्हा हातात जो दाखला दिला, त्यावर एक ओळ अशी होती की तो दाखला कुठे पुढे करायची सोय राहिली नाही. त्यामुळे झालं असं की ज्या माणसाने हलत्या बोटीवर, खाऱ्या पाण्यात, चार वर्षं दिवे विझू दिले नाहीत, तो माणूस दहा वर्षं मिळेल ते काम करून शेवटी चिंचवड स्टेशनजवळच्या पंपांच्या कारखान्यात टेंपररी वायरमन म्हणून लागला. सहा महिने झाले की बिल्ला काढून घ्यायचे, पंधरा दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा नवा बिल्ला द्यायचे. असं तीनदा झालं होतं. सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार. लग्न ठरलं होतं, पण मुलीच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, "कायम झाले की तारीख धरू." त्यांचं काही चुकत नव्हतं. मीही माझ्या मुलीसाठी हेच म्हटलं असतं.

आषाढात एका संध्याकाळी भावोजी कामावरून आले ते जरा उत्साहात. त्यांच्या खात्याचे हेडवायरमन पुनावळ्याचे, जुन्या घराण्यातले, हाताखालच्या माणसांना सांभाळून घेणारे. ते म्हणाले होते, "खंडेनवमीला आपल्या डिपार्टमेंटच्या आरासीत तुजं कायतरी काम मांड. मोठं सायेब समदीकडं फिरत्यात. दसऱ्यानंतर कायमची यादी निघायची हाय. कागद न्हाई तुज्याकडं, तर काम दिसू दे."

"मग काय मांडणार?" मी विचारलं.

"बोट," ते म्हणाले. "माझी बोट. दिव्यांसकट."

मी त्याच दिवशी वही काढली. मला यादीशिवाय काम सुचत नाही, आणि भावोजींना यादीसकटही वस्तू सापडत नाहीत. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आठवणीने बोट काढली. मी फुटाला अर्धा इंच धरून तिचे सगळे भाग लिहून काढले. म्हणजे बोट तीन फुटांची झाली. सांगाडा पांगाऱ्याच्या लाकडाचा, कारण पांगारा हलका आणि चाकूला मऊ. फळ्या देवदारी खोक्यांच्या. त्या आमच्या यांनी देहूरोडच्या डेपोशेजारच्या, लष्कराचं टाकाऊ सामान विकणाऱ्या डिस्पोजलवाल्याकडून सायकलला बांधून आणल्या. कठड्याचे खांब सायकलच्या आऱ्यांचे, कठड्याची दोरी माझ्या क्रोशाच्या दोऱ्याला मेण लावून. तोफेची नळी मोडक्या छत्रीच्या काडीची. पाण्यात टाकायच्या सुरुंगांची पिंपं बाटल्यांच्या बुचांची, काळी रंगवलेली. कठड्याचे खांब त्रेचाळीस. भावोजी म्हणाले चाळीसच करू, कोण मोजतंय? मी म्हटलं, मी मोजतेय.

रविवारी दुपारी आणि संध्याकाळी दिवा लागेपर्यंत आम्ही काम करत असू. खरं सांगायचं तर श्रावण उजाडेपर्यंत ही बोट त्यांच्यापेक्षा माझी जास्त झाली होती. शाळेत मुली कशिदा काढायच्या आणि मी टेबलाखाली कानशीने आरे घासायची.

दिव्यांचा प्रश्न सगळ्यात शेवटी आला. पेन्सिल टॉर्चचे बारीक दिवे मिळाले, पण त्यांना रंग लावला की तो उष्णतेने जळून तपकिरी व्हायचा. तीन रंग करून पाहिले, तिन्ही जळले. मग मी बांगड्या भरणाऱ्या मणियारचाचांकडे गेले आणि फुटक्या बांगड्यांचे तुकडे मागितले.

"बाई, सणासुदीला फुटकी काच? नवीन भरा की!" ते हसले.

"बोटीला भरायच्यात," मी म्हटलं.

त्यांनी ओंजळभर तुकडे निवडून दिले. त्यातले दोन मी दगडावर घासून नखाएवढे केले आणि लाखेने दिव्यांपुढे बसवले. एक तांबडा, एक हिरवा. पहिल्यांदा लावले तेव्हा भावोजी बोटीच्या तोंडासमोर जमिनीवर पालथे पडले आणि एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिले.

"आता समोरून मी येतोय असं धरा," ते म्हणाले. "मला लाल नि हिरवा दोन्ही दिसतायत. म्हणजे ही सरळ माझ्या अंगावर येतेय. फक्त लाल दिसला, तर हिची डावी बाजू माझ्याकडे आहे. त्यावर मी वळायचं की नाही ते ठरतं. एक दिवा चुकला तर समोरचा माणूस चुकीच्या बाजूला वळतो आणि आदळतो."

मग त्यांनी तीन खटके बसवले. पहिला दाबला की बोट चालू: डोलकाठीवर पांढरा, डावा लाल, उजवा हिरवा, मागे एक पांढरा. दुसरा दाबला की बोट नांगरावर: बाकीचे सगळे बंद आणि पुढे एकच पांढरा. तिसरा दाबला की बोट गस्तीवर: सगळं काळोख, फक्त सुकाणूच्या खोलीत होकायंत्रापाशी काजव्याएवढा उजेड, तोही बाहेर दिसणार नाही असा. आत डोकावलं तरच दिसायचा. त्या एका दिव्यासाठी आठ दिवस गेले होते. तारांना मी रंगीत दोरे गुंडाळून आकडे दिले होते आणि कुठली तार कुठे जाते ते एका कागदावर लिहून बोटीच्या पोटात चिकटवलं होतं. कोणालाही उघडून वाचता आलं असतं. कोणी उघडलं नाही.

अष्टमीच्या दुपारी भावोजींनी बोट कारखान्यात नेऊन ठेवली. नवमीला कामगारांच्या बायकामुलांना आत सोडत. सकाळी दहाला मी नवी साडी नेसून गेले. पंप जोडणाऱ्या खात्याने कागदी हंसांचं कारंजं केलं होतं. ओतशाळेने वाळूचा किल्ला. गर्दी होती, झेंडूचा आणि उदबत्तीचा वास होता. वायरिंगच्या खात्यात एका लांब टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर ओळीने पकडी, पेचकस, हातोड्या, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर फुलं. मध्यभागी आमची बोट.

ती लुकलुकत होती.

लाल, हिरवा, मागचा, डोलकाठीवरचा, नांगराचा, सगळे दिवे एकदम लागत होते आणि एकदम विझत होते. लग्नाच्या मांडवासारखे. सुकाणूच्या खोलीतला माझा काजवासुद्धा. टेबलाखाली, मांडवातले दिवे उघडझाप करायला लावतात तसा, पत्र्याचा एक डबा घरघर फिरत होता. डोलकाठीला झेंडूची माळ होती आणि तिच्या ओझ्याने काठी वाकली होती. मी वाकून पाहिलं. तिन्ही खटके कापून काढले होते. माझे रंगीत दोरे गुंडाळलेल्या सगळ्या तारा एकत्र पिळून त्यांची वेणी घातली होती आणि ती त्या फिरत्या डब्याला जोडली होती.

भावोजी भिंतीपाशी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे बोलू नका.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

हेडवायरमन पुढे आले. परीटघडीचं धोतर, कपाळाला कुंकू, चेहरा खुशीत. "म्या केलं बाई. काल सांजच्याला. एक खटका दाबला तर चारच दिवं, दुसरा दाबला तर एकच. तिसरा दाबला तर समदा अंधार! आता सायबाला काय अंधार दावायचा? म्हनलं, पोराचं काम दिसाया पायजेल. आता बगा, कशी जित्ती वाटतीया!"

"चालती बोट नि नांगरलेली बोट एकाच वेळी कशी असेल?"

"आवो, खेळन्यातली बोट हाय ती."

"खेळण्यातली नाही. मोजून केलेली आहे. आत्ताच्या आत्ता परत जोडा. दहा मिनिटांचं काम आहे, आकडे घातलेत सगळ्या तारांना. ती पक्कड द्या इकडे, भावोजी जोडतील."

मी टेबलाकडे हात केला आणि सगळं खातं एकदम ओरडलं. "बाई! बाई, हात नका लावू!"

"पूजा झालीया," हेडवायरमन म्हणाले. आता ते हसत नव्हते. "पूजेला बसलेलं हत्यार परवा उठायचं. त्याच्या आदी न्हाई."

मलाही ते माहीत होतं. माझ्याही घरी कात्री आणि सुया पाटावर मांडलेल्या होत्या. सणाचा नियम मी मोडणारी नव्हे. पण त्या टेबलापाशी उभं राहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पकडीवर कुंकू, पकडीवर फुलं, पकडीला हात लावायचा नाही. आणि आदल्याच दिवशी त्याच पकडीने एका माणसाच्या तीन महिन्यांच्या कामाची तार न् तार तोडायची, त्याला मात्र कोणाची हरकत नाही! हत्यार पवित्र आणि हत्याराने केलेलं काम म्हणजे रद्दी, हा कुठला धर्म?

हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायच्या आतच मोठे साहेब आले.

साहेब पुण्याचे, चष्मा लावणारे, नव्यानेच आलेले. त्यांनी बोटीपुढे थांबून पाहिलं, कठड्याला बोट लावून पाहिलं. "फार सुरेख. कोणी केली?"

हेडवायरमननी भावोजींना खांद्याला धरून पुढे आणलं. "आमच्या ह्या पोरानं, सर. टेंपररी हाय. नौदलात व्हता."

त्यांनी ते मनापासून सांगितलं, हे मला लिहायला पाहिजे. त्या क्षणी यादीत नाव जवळजवळ गेलंच होतं.

साहेबांनी चष्मा वर केला. "मी विलायतेला बोटीने गेलो होतो. बोटीवर दिवे असे उघडझाप करतात? मला तसं काही आठवत नाही. बरोबर आहे ना हे?"

भावोजींनी हेडवायरमनकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "हो साहेब. बरोबर आहे."

आदल्याच महिन्यात जो माणूस एका दिव्यासाठी जमिनीवर पालथा पडला होता, तो हे म्हणाला. त्याला हे म्हणायला लागलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही. साफ चूक आहे."

सगळे माझ्याकडे वळले. डबा तेवढा घरघरत होता. मी टेबलाखाली हात घातला आणि तारांची ती वेणी बोटांनी ओढून सोडवली. हत्यार लागलं नाही. दिवे गेले.

"साहेब, हे दिवे यांनी असे जोडले नव्हते. यांचं काम तोडून असं केलंय. विचारा यांना, खरं कसं असतं ते."

साहेबांनी विचारलं. भावोजींनी सांगितलं. आधी अडखळत, मग नीट. चालती बोट, नांगरलेली बोट, गस्तीवरची बोट. साहेब मान हलवत ऐकत होते. माझ्या मनात आलं, झालं काम.

"मग दाखव की जोडून."

"हत्यारं पूजेत आहेत साहेब."

साहेबांनी टेबलाकडे पाहिलं, भोवतीच्या माणसांकडे पाहिलं. नवा माणूस, कामगारांच्या सणात हात घालायची त्यांची छाती झाली नाही. "ठीक आहे, ठीक आहे. नंतर पाहू," असं म्हणून ते हंसांच्या कारंज्याकडे गेले. बक्षीस हंसांना मिळालं.

नंतर कोणी काही पाहिलं नाही. दसऱ्यानंतर चार दिवसांनी यादी लागली. वायरिंगच्या खात्यातले दोघे कायम झाले होते. भावोजी त्यात नव्हते. महिनाअखेरीस त्यांचे सहा महिने भरले आणि बिल्ला काढून घेतला.

त्यानंतर भावोजी आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे आणि उठायचे. नवव्या दिवशी म्हणाले, "वहिनी, तुम्ही खरं बोललात. भाकरी माझी गेली."

मी त्यांचं ताट उचललं. 

पंधरा दिवसांनी ते नवा बिल्ला मागायला गेले आणि तोंड पाडून परत आले. हेडवायरमन म्हणाले होते, जागा आहे, घेतो. पण बाईंनी सगळ्या खात्यासमोर, साहेबासमोर माझा पाणउतारा केला. बाईंनी येऊन माफी मागावी.

"मुळीच नाही," आमचे हे म्हणाले. "तू दुसरीकडे बघ."

"दुसरीकडे दाखला मागतात," भावोजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तुम्हाला जमायचं नाही ते. राहू दे."

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. पाटी पुसावी तसा राग बाजूला करता येत नाही, पण काम समोर असलं की मी आधी काम करते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेतून थेट कारखान्यावर गेले. गेटवाल्याने आत निरोप पाठवला. खात्याची माणसं शेडबाहेर डबे उघडून बसली होती. हेडवायरमन मध्ये, पिठलं-भाकरी खात. भावोजींना मी बरोबर बोलावलं होतं, ते लांब उभे.

"बसा बाई," कोणीतरी म्हणालं.

"बसायला आले नाही. बोलायला आले." मी उभीच राहिले. "त्या दिवशी साहेबांसमोर मी मध्ये बोलले. तुम्ही वयाने मोठे, खात्याचे प्रमुख. तुम्हाला बाजूला घेऊन सांगायला पाहिजे होतं. तसं न करता चारचौघांत बोलले, ही माझी चूक. त्याची मी माफी मागते."

हेडवायरमननी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "आन् दिवं?"

"दिवे तुम्ही चुकीचेच जोडले होते."

एकजण ठसकला. बाकीचे डब्यात बघायला लागले. "ही माफी म्हनायची व्हय?" हेडवायरमन म्हणाले.

"जेवढी माझी चूक, तेवढी माफी. त्यापेक्षा जास्त मागितली तर ती खोटी होईल, आणि खोटी माफी घेऊन तुम्ही तरी काय करणार?"

"तोंड लई चालतं, बाई, तुमचं."

"चालतं. म्हणून तर आले. पण शिक्षा ज्याचं तोंड चाललं त्याला करा. भावोजी त्या दिवशी तुमच्या बाजूने खोटं बोलले होते. साहेबांना 'बरोबर आहे' म्हणाले. ते तुम्ही ऐकलंत ना?"

त्यांनी डबा बाजूला सारला. मला वाटतं, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. त्यांनी भावोजींकडे पाहिलं आणि मग हात धुवायला उठले. जाताजाता म्हणाले, "उद्या आठाच्या पाळीला ये रं."

गेटबाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "वहिनी, ही अर्धीच माफी झाली."

"पुरली ना?"

"पुरली."

ते होळीनंतरच्या यादीत कायम झाले. मुलीचे वडील तोवर थांबले, हा त्यांचा चांगुलपणा. लग्न वैशाखात झालं. पाच-सहा महिने उशीर झाला त्याला माझं तोंड कारण, हे मी कधी नाकारलं नाही आणि जाऊबाईंनीही मला ते कधी विसरू दिलं नाही.

पण मला विचाराल, तर राग मला त्या उशिराचा नाही. माफीचाही नाही, ती मी मोजून मागितली. हेडवायरमननाही मी आता वाईट म्हणत नाही. पुढे निवृत्त होताना तीच पक्कड त्यांनी भावोजींच्या हातात दिली. राग आहे तो 'हो साहेब, बरोबर आहे' या शब्दांचा. ज्या शेडमध्ये शंभर माणसं विजेचं काम करतात, तिथे काम येणाऱ्या एकाच माणसाला ते म्हणावं लागलं, आणि ऐकणाऱ्या कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आज पुन्हा तसं घडलं तर मी बोलेन का, असं जाऊबाई मला चिडवून विचारतात. मी म्हणते, आधी विचारीन, माणूस कायम आहे की टेंपररी. टेंपररी असला तर गप्प बसेन.

हे उत्तर देताना दर वेळी माझं डोकं तापतं.